आमची थोरली

मोगराळे घाटात मागच्या महिन्यात एक छोटा टेम्पो जळाला, हे तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या कानावर आलं असेल. तो आमच्या गटाचा. आम्ही तिला ‘थोरली’ म्हणायचो. सतरा वर्षांची गाडी, तीही जुनीच घेतलेली, पण हप्ते फेडून आमची झालेली.

थोरलीनं काय वाहिलं नाही? पापड, कुरडया, मसाल्याची पोती, दुष्काळात पाण्याच्या टाक्या, जनावरांना कडबा. म्हसवडच्या रथयात्रेत आणि चैत्रात शिंगणापूरला आमचं दुकान तिच्याच हौद्यात लागायचं. अडलेली बाळंतीण रात्री दवाखान्यात नेली ती तिनंच. आमच्यातल्या तिघी तिच्यावर गाडी शिकल्या. दुसरा गिअर अडला की “चल गं बाई” म्हणायचं, मग पडायचा. हसू नका, खरंच पडायचा.

त्या दिवशी फलटणहून उडीद डाळीची पाच पोती घेऊन घाट चढत होतो. आधी डिझेलचा वास आला, मग सीटखालून धूर. चालवणाऱ्या ताईनं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, चाकामागं दगड लावला. आम्ही सगळ्या खाली. छोटा अग्निशामक रिकामा केला, एका ट्रकवाल्या दादानं माती टाकली. आग काही हटेना. दोन पोती खाली ओढली. तिसऱ्याला हात घालणारीला आम्हीच धरून मागं नेलं. १०१ ला फोन लागला, पण बंब येईपर्यंत सांगाडाच उरला होता.

मिस्त्री म्हणाले, डिझेलची रबरी नळी आतून वाळून चिरली आणि तेल सायलेन्सरच्या तापल्या पाइपवर उडालं. पासिंग झालेलं होतं, सर्व्हिसिंगही. रबर वरून धड दिसतं, म्हणून जुन्या गाडीच्या नळ्या गळायची वाट न बघता बदलायच्या. आणि पेटत्या डिझेलवर पाणी ओतायचं नाही. डिझेल पाण्यावर तरंगतं, आग पसरते.

आता पैशाचं. नुसता थर्ड पार्टी विमा आपल्या गाडीच्या आगीचे पैसे देत नाही. आमचा पूर्ण विमा होता, पण पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत विमा घेतानाच ठरवून लिहिलेली असते, आणि जुन्या गाडीची ती किती असणार! शिवाय गाडी कायमची निकामी झाली की चौदा दिवसांत आरटीओला कळवावं लागतं. नाहीतर कागदावर ती आपल्या नावानं चालतच राहते.

सध्या गटात दोन मतं आहेत. काहीजणी म्हणतात, भाड्याची गाडी करू, नवीन कर्ज नको. बाकीच्या म्हणतात, भाड्याचा गाडीवाला रात्री दोनला बाळंतिणीसाठी उठेल का? दोन्ही बाजूंचं खरं आहे. यात्रेच्या ऑर्डरी मात्र थांबलेल्या नाहीत. तोवर एसटीच्या टपावर चढवतोय, आणि कंडक्टर दादांची बोलणी खातोय.

परवा भंगारवाला आला. आरटीओत द्यायचा म्हणून चेसिस नंबराचा तुकडा त्यानं कापून दिला. आमच्या खजिनदार काकूंनी त्यावर कागद ठेवला, पेन्सिल घासून नंबराचा ठसा उमटवला आणि गटाच्या वहीत चिकटवला. कुणी काही बोललं नाही. मंगळवारी दुपारी बैठक आहे, तेव्हा ठरेल.