थंडीत हिरवं दिसतं, पण पिकतं का?

(अर्जुनी मोरगाव येथील बैठकीत केलेलं भाषण)



अर्जुनी मोरगाव हा धानाचा मुलूख. इथं कापूस-ज्वारीची गोष्ट कशाला, असं कुणी विचारील. पण थंडी आणि उपग्रह, दोघंही कुणाचा बांध पाहत नाहीत. विदर्भात थंडीचा आकडा अनेकदा गोंदियाचाच खाली असतो. थंडीत उन्हाळी धानाचे पऱ्हे पिवळे पडतात, हे इथल्या माणसाला शिकवायला नको. आणि उपग्रहाचा हिशोबही धानापासूनच सुरू झाला. २०२३ च्या खरिपापासून केंद्र सरकारनं पीक विम्यात धान आणि गव्हाचं उत्पादन ठरवताना उपग्रहाच्या अंदाजाला किमान ३० टक्के वजन दिलं. उद्या ज्वारीची पाळी येईल. त्याआधी हे यंत्र मोजतं काय, ते पाहू.

उपग्रह कणीस मोजत नाही. हिरवं पान उन्हातला तांबडा भाग गिळतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त भाग परत फेकतं. या दोहोंच्या फरकावरून हिरवेपणाचा आकडा निघतो. हिरवं जास्त म्हणजे ऊन जास्त पकडलं, म्हणजे अन्न जास्त तयार झालं, म्हणजे दाणा जास्त, असा हिशोब पुढं चालतो. उबदार दिवसांत, जमिनीत ओल असेल तर, तो बऱ्यापैकी जमतोही. खोटं कशाला बोला.

थंडीत तो बिघडतो. ज्वारी आणि कपाशी ही उष्ण मुलखाची पिकं. रात्र फार गार गेली की सकाळी पान हिरवंच असतं, ऊनही पकडतं, पण त्या उन्हातून अन्न तयार करणारी आतली यंत्रणा मंदावते. पकडलेलं ऊन पानाला उष्णता करून टाकून द्यावं लागतं. तेही जमलं नाही तर पानालाच इजा होते. कापसाच्या गाड्या जिनाच्या फाटकातून आत जाताना दिसतात, पण आत रेचे बंद आहेत. फाटकावर गाड्या मोजणाऱ्याला गठाणी किती बांधल्या ते कसं कळणार?

शास्त्रज्ञांना हे माहीत नाही असं नाही. अमेरिकेच्या मोडिस उपग्रह-यंत्राच्या हिशोबात रात्रीच्या किमान तापमानाप्रमाणे वजावट आहे. पण तिचा तक्ता बघा. सगळ्या शेतीपिकांना एकच माप. किमान तापमान १२ डिग्रीच्या वर असलं तर वजावट शून्य, उणे ८ ला काम पूर्ण बंद. म्हणजे ८ डिग्रीच्या रात्रीला सुमारे २० टक्के वजा. थंडी मानवणारा गहूही त्याच तक्त्यात आणि थंडीनं गारठणारी ज्वारीही त्याच तक्त्यात! शिवाय त्याचा एक चौकोन ५०० मीटरचा, म्हणजे जवळजवळ ६२ एकरांचा. अर्जुनीत तेवढ्यात धानाच्या बांध्या, लाखोळी, बोडी आणि जंगलाची कडाही येते. तापमान तर त्याहून कितीतरी मोठ्या चौकोनाची सरासरी. थंड हवा खोलगट, नाल्याकाठच्या शेतात साचते. ते त्या सरासरीत कुठून दिसणार? विम्यात नेमकं हेच गणित लावतात असं मी म्हणत नाही. पण तिथल्या पद्धतींतली एक याच जातीची आहे.

याहून मोठी फसगत कणसात आहे. रब्बी ज्वारी फुलोऱ्यात असताना रात्री १० डिग्रीच्या खाली गेल्या तर पराग वांझ होतो, दाणा धरत नाही. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ डिग्री होतं, हे आठवा. दाणा न भरलेल्या ताटाची पानं उलट जास्त दिवस हिरवी राहतात. वरून पाहणाऱ्याला पीक झकास, खाली कणीस पोकळ. कपाशी निदान लपवत नाही. रात्री गार झाल्या, त्यात मॅग्नेशियम-नत्र कमी पडलं, की लाल्या येतो आणि आकडाही घसरतो. मात्र हा लाल्या की पीक संपत आलं, ते उपग्रह सांगत नाही.

नवा मार्गही निघाला आहे. काम करणारं पान पकडलेल्या प्रकाशातला एखाद-दोन टक्के भाग मंद तांबड्या चमकेनं परत देतं. २०११ साली जपानच्या गोसॅट उपग्रहावरून या चमकेचे जगभराचे नकाशे निघाले. कोलोरॅडोच्या सूचिपर्णी जंगलात हिवाळ्यात झाडं हिरवीच राहतात, काम बंद करतात आणि चमक मावळते, हे २०१९ मध्ये दाखवलं गेलं. पण ही चमक मोजणाऱ्या ओसीओ-२ उपग्रहाचा एक ठिपका सव्वा बाय सव्वादोन किलोमीटरचा. आपल्या दोन एकरांपर्यंत तो अजून पोचलेला नाही, आणि पोकळ कणीस त्यालाही दिसणार नाही.

आता पैशाचं. महाराष्ट्रात २०२५ च्या खरिपापासून गारपीट वगैरेच्या वैयक्तिक तक्रारीवर मिळणारी भरपाई बंद झाली. मंडळाचं उत्पादन हाच आधार उरला. थंडी तर त्या तक्रारींच्या यादीत आधीही नव्हती. आपत्ती निधीच्या यादीत मात्र थंडीची लाट आहे. सरकारला जी आपत्ती मान्य, ती विम्याला अमान्य! म्हणून आपली मागणी साधी आहे. रब्बी ज्वारीला कापणी प्रयोगाच्या जागी उपग्रह नको. आकडा लावायचाच असेल, तर थंडीची वजावट कोणत्या तक्त्यानं केली तो कागद मंडळात लावा.

आपल्याकडचं काम म्हणजे, पोटरीपासून दाणा भरेपर्यंत गावात एका तरी खोलगट शेतात थर्मामीटर टांगा आणि पहाटेचा आकडा तारखेसह वहीत लिहा. पोकळ कणसाचा फोटो तारखेसह ठेवा. कापणी प्रयोगाच्या दिवशी प्लॉटवर हजर राहा, आणि मळणीचं वजन कागदावर चढल्याशिवाय सही करू नका.