जंगलाच्या दारात तीन सलाम

श्रोतेहो, लहानपणी दादीने आम्हा भावंडांना एक रीत शिकवली होती. कुणाच्याही घरी गेलात की दारातच उभे राहून सलाम करायचा. उत्तर आले नाही तर थोडे थांबून पुन्हा करायचा. तिसऱ्या सलामालाही आतून आवाज आला नाही, तर मुकाट्याने परत फिरायचे. मनात राग धरायचा नाही. घर त्यांचे आहे, आज भेटायचे की नाही हे तेच ठरवणार. ही रीत आमच्या धर्मातली आहे. पण तिचा पुरता अर्थ मला कळला तो जंगलात.

माझे गाव दिघोरी, भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यातले. धानाच्या बांध्या, बोड्या, तलाव आणि पलीकडे जंगल, असा हा मुलूख. जंगल पाहायला जायचे म्हटले की आम्ही नवेगावबांधला जातो. आज नवेगाव आणि नागझिरा गोंदिया जिल्ह्यात आहेत. पण १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा होईपर्यंत ही दोन्ही जंगले आमच्या भंडाऱ्याचीच होती. त्यामुळे जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही 'आपला नवेगाव' असेच येते.

नवेगावला पहिल्यांदा जाणाऱ्याने आधी तलावाच्या पाळीवर उभे राहावे. समोर समुद्रासारखे पाणी आणि भोवताली डोंगर. त्यांना लोक सात बहिणी म्हणतात. हा तलाव निसर्गाने दिलेला नाही, माणसांनी बांधलेला आहे. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असे सांगतात. कोहळी समाजाने या भागात इतके तलाव बांधले, की भंडारा तलावांचा जिल्हा म्हणूनच ओळखला गेला. तलाव बांधले ते धानासाठी. पण हिवाळ्यात त्याच पाण्यावर दूरदेशीची बदके उतरतात, आणि उन्हाळ्यात त्याच पाण्यावर जनावरे तहान भागवतात. शेतकऱ्याच्या घामातून जंगलाची तहान भागली, ही गोष्ट माहितीफलकावर वाचण्यापेक्षा पाळीवर चालताना जास्त समजते.

याच जंगलात वनाधिकारी म्हणून मारुती चितमपल्ली राहिले. सोलापूरचा हा माणूस इथल्या आदिवासींबरोबर, ढिवरांबरोबर पायी हिंडला, पाखरांची आणि झाडांची नावे त्यांच्याकडून शिकला आणि ती मराठीला देऊन गेला. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात ते गेले. त्यांच्या लेखनात वाघ आहे, पण वाघाची घाई नाही. आपल्याला नेमकी तीच घाई झाली आहे.

मागच्या हिवाळ्यात माझा भाचा पुण्याहून बायको-मुलांना घेऊन आला. म्हणाला, "मामू, पोरांना वाघ दाखवायचाय." पहाटेच्या सफारीला निघालो. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. चितळांचा कळप दिसला. रानगवा दिसला, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा. एका वारुळापाशी अस्वलाने उकरलेली ताजी माती होती. रस्त्याच्या धुळीत वाघाचे पाऊल उमटलेले होते. त्यावर दव पडलेले नव्हते, म्हणजे तो नुकताच गेला होता. पण तो काही दिसला नाही. भाचा घड्याळ पाहू लागला. त्याचा धाकटा, दहा वर्षांचा, रडवेला झाला.

आमचा गाइड जवळच्याच गावचा तरुण पोरगा होता. मुलाने त्याला विचारले, "तुम्ही पाहिलाय का वाघ?"

"पाह्यला ना. पण गाडीतून नाही. मोहफुलं येचताना."

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करतो? तो उभा, मी उभा. हळूहळू मागंमागं सरकलो. टोपली तिथंच राह्यली."

"मग टोपली आणायला परत गेलात?"

"त्या दिवशी नाही," तो म्हणाला.

मला दादी आठवली. या पोराला तिची रीत कुणी सांगितलेली नव्हती, तरी तो ती पाळत होता.

श्रोतेहो, आपण पैसे मोजून वाघ पाहायला जातो, पण जंगलाकाठच्या गावांना तो न मागता भेटतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडतात. ती वेचायला बायाबापड्या पहाटेच्या अंधारात निघतात, कारण उशीर झाला तर फुले जनावरे खाऊन टाकतात. मे महिन्यात तेंदूपाने तोडायची. फुले आणि पाने वेचायला वाकावे लागते, आणि वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही. २०२२ साली वडसा, आमचा भंडारा आणि ब्रह्मपुरीकडच्या जंगलात एका वाघाने तेरा जणांचा जीव घेतला. वनखात्याच्या कागदात त्याचे नाव 'सीटी-१' होते. ऑक्टोबरमध्ये वडशाच्या जंगलात त्याला बेशुद्ध करून पकडले. त्या महिन्यांत आमच्या तालुक्यात संध्याकाळ झाली की रस्ते ओस पडत. जो प्राणी पाहण्यासाठी माझा भाचा पुण्याहून आला, त्याच्या भीतीने तेव्हा माणसे सरपणाला जायची थांबली होती. यातले खरे काय? दोन्ही खरे आहे. आणि दोन्ही ध्यानात ठेवूनच जंगलात पाय टाकला पाहिजे.

आता दुसरी बाजू ऐका. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आपल्या पाच पिलांना घेऊन रस्त्यावर आली. पुढून गाड्या, मागून गाड्या. आई आणि पिले मधे अडकली. तिची छायाचित्रे सगळीकडे पोचली, चालक आणि गाइडांवर कारवाई झाली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. दोष द्यायला चालक आणि गाइड सापडले. पण "आणखी जरा पुढे घे" म्हणणारे कोण होते? आपणच ना? मोह वेचणारा पोरगा वाघापुढे मागे सरकतो, आणि गाडीत सुरक्षित बसलेले आपण मात्र पुढे सरकतो.

म्हणून जंगलात जाणाऱ्या मित्रांना मी चार गोष्टी सांगतो. पावसाळ्यात गाभ्याच्या जंगलातले पर्यटन बंद असते, तेव्हा हट्ट धरू नका. जंगलालाही निजायला वेळ हवा. जाल तेव्हा भडक कपडे नकोत, अत्तर नको. अत्तराचा शौक मलाही आहे, पण त्या दिवशी मी कुपी घरी ठेवतो. पायी हिंडायची हौस असेल तर परवानगी असेल तिथेच हिंडा. तलावाची पाळ त्यासाठी फार सुंदर जागा आहे. जंगलात विडी-सिगारेट तर अजिबात नको. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्यातला वणवा विझवताना तीन वनमजूर जळून गेले. आपल्या करमणुकीच्या जागेची राखण कुणी जिवावर उदार होऊन करते, हे विसरू नये. आणि गाइडला वाघाशिवाय आणखी काही विचारा. झाडांची नावे विचारा, त्याच्या गावाची खबर विचारा. त्याच्या गावाला जंगलातून चार पैसे मिळाले, तरच तो वाघाला शेजारी म्हणून सोसणार आहे.

त्या दिवशी परतताना फाटकापाशी गाडी थांबली. भाच्याच्या धाकट्याने अजून तोंड फुगवलेले होते. मी त्याला दादीच्या तीन सलामांची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण आपण तर एकदाच आलो, नाना. अजून दोन सलाम बाकी आहेत."

खरे आहे. मी म्हटले, "पुढच्या हिवाळ्यात ये. दुसरा करू." त्याने मागे वळून, हळू आवाजात, जंगलाला "खुदा हाफिज" म्हटले. गाइड हसला आणि त्यानेही हात हलवला.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)