आधी वारा, मग पाणी

आपल्या भिवंडीला चौपाटी नाही. पण इथली तरुण मुलं सुट्टीत गोव्याला जातात, काही शिक्षणासाठी थेट ब्रिटन-आयर्लंडला. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर काइटसर्फिंग शिकवतात. पायाखाली फळी, कमरेला पट्टा आणि वीस-बावीस मीटर दोऱ्यांच्या टोकाला मोठा पतंग. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्येही हा खेळ आला.

या पतंगाचं कापड आपल्या भिवंडीतल्या मागावरच्या माणसाला चटकन कळेल. उभ्या-आडव्या धाग्यांत ठरावीक अंतरावर जाड धागा घेतात, त्यामुळे फाटलं तरी चीर पुढे धावत नाही. पण कापड मजबूत म्हणून जीव सुरक्षित, असं समजू नका. जीव सांभाळायचा तो किनाऱ्यावरच, पाण्यात शिरण्याआधी.

पहिली गोष्ट वाऱ्याची. मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. त्यात पतंग उडवला, तर तो तुम्हाला खोल पाण्यात ओढून नेईल. दुपारचा खारा वारा, तोही किनाऱ्याला तिरका येणारा, हा बरा. भरती-ओहोटी तिथल्या कोळी बांधवांना विचारा. पावसाळ्यात मात्र आपल्या समुद्रात उतरूच नका.

दुसरी गोष्ट थंड पाण्याची. आपल्याला कोमट समुद्राची सवय. ब्रिटनमध्ये मे महिन्यात लख्ख ऊन असतं, तरी पाणी गारठलेलं असतं. त्यात पडताच धाप लागते, आणि त्याच क्षणी पाणी नाकातोंडात जातं. अशा वेळी धडपडू नका. पाठीवर तरंगत श्वास ताब्यात येऊ द्या. मिनिटभरात तो येतो. पुढे दहाएक मिनिटांत बोटं बधिर होऊ लागतात, मग साधी कडीही सुटत नाही. म्हणून ऊन पाहून नव्हे, पाण्याचं तापमान पाहून जाड वेटसूट घाला. डोक्याला हेल्मेट, अंगात तरंगण्याचं जाकीट हवंच.

तिसरी गोष्ट सुटकेची. पट्ट्यावर पतंगाची ओढ क्षणात तोडणारी कळ असते. ती डोळे मिटूनही सापडेल इतका सराव वाळूवर करा. पाण्यात पतंग निकामी झाला, तर आधी त्या कळीने ओढ तोडा, मग दोऱ्या गुंडाळा आणि हवा भरलेल्या पतंगाला धरून राहा; तो तरंगतो आणि लांबून दिसतो. एकटं कधीही जाऊ नका. परतायची वेळ किनाऱ्यावर कुणाला तरी सांगून ठेवा.

आणि शिक्षक निवडताना एवढं पाहा: वारा बिघडला की फीची पर्वा न करता "आज नको" म्हणणारा माणूस असेल, त्याच्याकडेच शिका.