बिनब्रेकचा जगज्जेता

ब्रेकच नसलेल्या मोटरसायकलवर बसून जगज्जेता झालेल्या एका पोलिश खेळाडूची आज ओळख करून द्यायची आहे. त्याचं नाव येर्झी श्चाकिएल.

त्याचा खेळ स्पीडवे. लंबगोल कच्चा ट्रॅक, चार स्वार, चार फेऱ्या, की मिनिटभरात शर्यत संपली. वळणं सगळी डावीकडे. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरू द्यायचं, पोलादी तळ चढवलेला डावा पाय मातीवर टेकवायचा आणि गाडी तशीच तिरकी पुढे काढायची. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक आणि चौथ्याला भोपळा.

श्चाकिएलचा जन्म १९४९चा, ओपोले शहराजवळचा. तिथल्याच क्लबकडून तो खेळला. १९७१ साली आंद्रझे विग्लेंडाच्या साथीनं त्यानं जागतिक दुहेरी स्पर्धा जिंकली, तीही पैकीच्या पैकी ३० गुण मिळवून. त्याच वर्षी गोथेनबर्गच्या वैयक्तिक अंतिम स्पर्धेत मात्र त्याच्या पदरी पडलं शून्य!

दोन वर्षांनी, २ सप्टेंबर १९७३ रोजी, हीच अंतिम स्पर्धा पोलंडमध्ये खोझुवला भरली. मैदानात लाखाहून अधिक प्रेक्षक. सोळा स्वार, प्रत्येकाच्या पाच शर्यती. अखेरीस दोघांचे गुण सारखे झाले, १३. एक श्चाकिएल आणि दुसरा न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर, तोवर चार वेळा जगज्जेता झालेला. निकालासाठी दोघांचीच जादा शर्यत झाली. श्चाकिएल पुढे निघाला. त्याला गाठण्याच्या धडपडीत मॉगर पडला आणि पोलंडला पहिला वैयक्तिक जगज्जेता मिळाला.

मॉगर पडला म्हणून हा जिंकला, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण मागे असणाऱ्यालाच धोका पत्करावा लागतो, आणि मॉगरला मागे ठेवलं होतं ते श्चाकिएलनं. शिवाय त्या जादा शर्यतीपर्यंत पोहोचवणारे १३ गुण त्याला कुणी बक्षीस दिले नव्हते.

पुढे दुखापतींनी त्याला सतावलं. तसं यश पुन्हा लाभलं नाही. २०२० साली तो वारला. त्याच्या १९७३च्या विजयानंतर पोलंडला दुसरा वैयक्तिक जगज्जेता मिळाला तो थेट २०१० साली, तोमाश गोलोबच्या रूपानं. जगज्जेतेपद निव्वळ नशिबानं मिळत असतं, तर स्पीडवेवर जीव टाकणाऱ्या त्या देशाला मध्ये ३७ वर्षं थांबावं लागलं नसतं.