घरच्या घरी एचआयव्ही तपासणी : साधन सोपे हवे, पुढची वाट खुली हवी
(जागतिक एड्स दिनानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासन विभागाच्या वतीने केलेले भाषण)



वैद्यकीय विषयावर अधिकारवाणीने बोलणे हे आमचे काम नव्हे. आम्ही वाणिज्य शाखेचे. आमचा संबंध पावत्या, अर्ज आणि नोंदवह्यांशी. तथापि सामान्य माणूस हाती आलेला कागद कसा वाचतो, कोठे अडतो आणि न समजताही संकोचाने मान कशी डोलावतो, हे आम्ही नित्य पाहत असतो. ज्याची त्याने घरी करावयाची एचआयव्ही तपासणी हा विषय नेमका याच अनुभवाशी निगडित आहे.

आपल्या देशात एचआयव्हीचे पहिले निदान १९८६ साली तत्कालीन मद्रास येथे झाले. १ एप्रिल २००४ पासून शासनाने मोफत एआरटी औषधोपचार सुरू केले आणि २०१७ पासून निदान होताच प्रत्येकास ते देण्याचे धोरण स्वीकारले. ही औषधे नियमित घेतल्यास रक्तातील विषाणू चाचणीत सापडू नये इतका घटतो, आणि तसा तो राहिल्यास त्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही. औषध मोफत आहे. शासकीय एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत तपासणीही मोफत व गोपनीय आहे. तरीही अनेकांची पावले तेथवर पोहोचत नाहीत. रांगेत ओळखीचे कोणी भेटेल, ही एकच धास्ती त्यास पुरेशी असते.

अशांसाठीच जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१६ मध्ये स्वतपासणीची शिफारस केली. तत्पूर्वी जुलै २०१२ मध्ये अमेरिकेत हिरड्यांवरून पट्टी फिरवून करावयाच्या घरगुती चाचणीस मान्यता मिळाली होती. त्या वेळचे आकडे आम्हांस फार बोलके वाटतात. प्रशिक्षित व्यक्तीने चाचणी केली असता संसर्ग असलेल्या शंभरांपैकी ९९ हून अधिक जण ओळखले गेले. सामान्य लोकांनी स्वतः केली तेव्हा सुमारे ९२. म्हणजे संसर्ग असलेल्या दर १२ जणांत एकास 'संसर्ग नाही' असे चुकीचे उत्तर मिळाले. साधन तेच होते. बदलला तो वापरणारा.

उलट दिशेची चूक, म्हणजे संसर्ग नसताना तो दाखविणे, सुमारे ५००० मध्ये एक होती. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे, तर ही दुसरी चूक पुढील तपासणीत पकडली जाते, कारण तो माणूस घाबरून केंद्रात येतो. पहिली चूक मात्र कोणत्याच वहीत उतरत नाही. तो माणूस निश्चिंत होऊन घरी राहतो, त्याचे उपचार लांबतात आणि त्याच्या जोडीदाराचा धोका वाढतो. म्हणूनच साधन सोपे असणे ही केवळ सोय नसून सुरक्षिततेची अट आहे.

सोपे म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याकडे पाहून ठरवावे लागेल. सटाण्याकडे अहिराणी, सुरगाणा-पेठकडे कोकणा, मालेगावात उर्दू बोलली जाते; तेव्हा माहितीपत्रकात मजकुरापेक्षा चित्रांवर भर हवा. चाचणीपूर्वी तोंडात काही घालू नये, ही सूचना पुरेशी नाही. मशेरी आणि तंबाखू यांचा स्पष्ट उल्लेख हवा. नळीतील द्राव पिण्यासाठी नाही, हेही चित्रानेच सांगावे. या पट्टीचा निकाल २० ते ४० मिनिटांत वाचावयाचा असतो. सातपूर-अंबडच्या दोन खोल्यांच्या घरात तेवढा वेळ ती नळी कोणाच्या नजरेस न पडता उभी कोठे ठेवावी, याचाही विचार रचनाकाराने करावयास हवा. फिकट रेघ हीसुद्धा रेघच असते, आणि नियंत्रणाची रेघ न उमटल्यास चाचणी बाद ठरते. ही दोन वाक्ये सर्वांत मोठ्या अक्षरांत असावीत.

काही गैरसमजही आधीच दूर करावयास हवेत. ही पट्टी विषाणू शोधत नाही, तर शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. लाळेतून एचआयव्ही पसरतो असा अर्थ कोणी काढू नये. संसर्गानंतर प्रतिपिंडे दिसण्यास काही काळ जातो, म्हणून या चाचणीत अलीकडील तीन महिन्यांतला धोका निसटू शकतो. एआरटी घेत असलेल्यांनी ती करू नये. उत्तर फसवे येऊ शकते. आणि दोन रेघा म्हणजे अंतिम निदान नव्हे. ते केंद्रात पुढील चाचण्या होऊनच ठरते.

एका गोष्टीची मात्र आम्हांस काळजी वाटते. घरी तपासणी होऊ लागली की घरातलेच कोणी ती लादूही शकते. लग्न ठरविताना, नोकरी देताना किंवा संशयापोटी. २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे आणि तपासणीस समजून-उमजून दिलेली संमती हा त्याचा गाभा आहे. हे वाक्य प्रत्येक पाकिटावर असावे, आणि त्यासोबत १०९७ हा मोफत मदत क्रमांक.

विश्वस्त मंडळास आमची दोन नम्र निवेदने आहेत. अशा साधनांची माहितीपत्रके लोकांच्या हाती पडण्यापूर्वी आपल्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या, थोडेच शिकलेल्या स्वेच्छुकांकडून ती वाचून घ्यावीत. ते अडतील तेथे कागद बदलावा, माणसास दोष देऊ नये. आणि घरून निकाल घेऊन येणाऱ्यास नोंदणीच्या खिडकीवर कारण सांगावे न लागता थेट समुपदेशकापर्यंत जाता यावे, अशी व्यवस्था करावी.

कागद आणि खिडकी या दोन्ही गोष्टी आमच्या प्रशासन विभागाच्या अखत्यारीतील आहेत. त्यांस फार खर्च नाही. मंडळाने अनुमती दिल्यास येत्या आर्थिक वर्षापासून हे काम हाती घेण्याची आमची तयारी आहे.