कचरा कोण निस्तरतं?



मुलांनो, मघाशी तुमच्या बाईंनी मला शाळेतलं चित्रकला प्रदर्शन दाखवलं. विषय होता ‘पर्यावरण रक्षण’. झाडं, नद्या, पृथ्वीचे गोल, सगळंच मन लावून काढलेलं. नववीतल्या एका मुलीनं मात्र या विषयावर माणूस काढलाय. सोसायटीच्या फाटकाशी उकिडव्या बसलेल्या कचरावेचक ताई. एका हातात दुधाची पिशवी, तिला चिकटलेली कांद्याची सालं. दुसऱ्या हाताच्या बोटाला बांधलेली चिंधी. वर गॅलरीत कुंड्यांना पाणी घालणारं कुटुंब.

या मुलीनं आपल्या पुण्याचा प्रश्न नेमका ओळखलाय. आपला कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतल्या कचरा डेपोत गेला. आपले रस्ते साफ झाले आणि तिथल्या विहिरींचं पाणी नासलं. गावकऱ्यांना आंदोलनं करावी लागली. घाण एकानं करायची आणि सोसायची दुसऱ्यानं, हा अन्याय आहे. तो तसाच ठेवून पर्यावरण वाचत नसतं.

याच शहरात १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायका कामगार आहेत, हे तिनं ठणकावून सांगितलं. २००८ मध्ये या बायकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचा महापालिकेशी करार झाला आणि तिनं दारोदार कचरा गोळा करायला सुरुवात केली. ताई निवडतात तो कागद, काच, प्लास्टिक पुन्हा वापरात येतं. तेवढा डेपोवरचा ढीग कमी होतो. पर्यावरण रक्षण म्हणतात ते हेच.

ओला-सुका कचरा घरातच वेगळा करणं २०१६ च्या सरकारी नियमांनी बंधनकारक केलं. तरी तो एकाच पिशवीत कोंबला जातो आणि ताईंना हातानं उपसावा लागतो. म्हणून मुलांनो, कचरा वेगळा करायचं काम आजपासून तुमचं. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळा, वर ‘काच’ असं लिहा. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. मुलग्यांनीही हे समजून घ्यावं, यात लाजण्यासारखं काही नाही. आणि दारात येणाऱ्या ताईंना नावानं हाक मारा.

मुख्याध्यापकांना एक विनंती. पुढच्या वर्षीच्या बक्षीस समारंभाला प्रमुख पाहुण्या म्हणून या परिसराचा कचरा उचलणाऱ्या ताईंना बोलवा. या विषयावर बोलण्याचा पहिला अधिकार त्यांचा आहे.

सर्व बक्षीसपात्र विद्यार्थ्यांचं अभिनंदन.