बडतर्फीचा कागद



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कायदा शिकलो तो नागापूरच्या कारखान्यांच्या फाटकाबाहेर आणि न्यायालयाच्या व्हरांड्यात. तेव्हा कोठे चुकलो तर समोर बसलेल्या वकीलमंडळींनी सांभाळून घ्यावे.

आज एका शिक्षिकेची हकीकत सांगतो. त्या वेळचे औरंगाबाद. खाजगी प्राथमिक शाळा. महापालिकेने इमारतीवरचा कर वाढवला. मुख्याध्यापिकेने फर्मावले, प्रत्येक नोकराने दरमहा १५०० रुपये करापोटी द्यावेत. कर इमारतीचा, आणि भरायचा कोणी, तर शिकवणाऱ्यांनी! बाईंनी नकार दिला. मग मेमो सुरू झाले. एक नाही, दोन नाही, पंचवीस! नोव्हेंबर २००६ मध्ये निलंबन, जून २००७ मध्ये बडतर्फी.

शिक्षक हा औद्योगिक कायद्याच्या व्याख्येत कामगार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली ठरवले आहे. म्हणून बाईंचा दरवाजा निराळा. खाजगी शाळांतील नोकरांसाठी १९७७ चा कायदा आहे. त्याखाली शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करावे लागते. बाईंनी केले. २००९ साली बडतर्फी रद्द झाली, पूर्ण मागील पगारही मिळाला. उच्च न्यायालयाने २०११ मध्ये नोकरी ठेवली, पण पगार काढून घेतला. बाई दिल्लीपर्यंत गेल्या. १२ ऑगस्ट २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पगार परत दिला.

त्या निकालातले मर्म ऐका. बडतर्फी बेकायदा ठरली की कामावर परत घेणे आणि मागील पगार देणे हाच सर्वसाधारण नियम. मात्र नोकराने आपल्या अर्जात लिहिले पाहिजे, की मधल्या काळात मला दुसरी नोकरी नव्हती, किंवा होती ती कमी पगाराची. एवढे लिहिले, की तो कमावत होता हे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर.

हे वाक्य मला महागात शिकावे लागले. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यातून काढलेल्या गड्याची कैफियत मीच लिहिली. पाच पाने! मालकाचा अन्याय, कामगारांची एकजूट, सारे आले. तो बेकार आहे, हे मात्र कोठेच नाही. नोकरी परत मिळाली. मधल्या वर्षांचा पगार गेला. ती वर्षे त्याची बायको दुसऱ्याच्या रानात खुरपायला जात होती. तो मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

कारखान्याच्या कामगारांची वाट वेगळी, तीही सांगतो. १९६५ पर्यंत एकट्या माणसाची बडतर्फी हा औद्योगिक तंटाच होत नसे; संघटनेने ती हाती घ्यावी लागे. त्या वर्षी कायदा बदलला. १९७१ साली आणखी एक दुरुस्ती झाली, आणि अपराधाच्या मानाने शिक्षा फार असेल तर ती कमी करण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. पूर्वी बडतर्फीपासून तीन वर्षांच्या आत थेट अर्ज करता येई. आता दोनच वर्षे आहेत. तडजोड अधिकाऱ्याकडे अर्ज दिल्यावर ४५ दिवस थांबावे लागते, ते निराळेच.

आपल्यापैकी कोणाच्या घरी असा कागद आला असेल तर तो, त्याचे पाकीट आणि पगाराच्या चिठ्ठ्या घेऊन संध्याकाळी कचेरीत या. हिशेबाच्या पावतीवर सही करण्याआधी या.